अंगठ्यावरचं कुंकू

पुष्पाबाईनं पेटीतून कागद काढला, घडी उलगडली आणि ती होती तिथंच पलंगाच्या काठावर बसली. बाबांच्या अंगठ्याचा ठसा लाल झाला होता. सगळा नव्हे, खालचा अर्धा. पण शाईच्या बारीक रेघा जिथं एकात एक वळत गेल्या होत्या तिथंच नेमका मागच्या बाजूनं कुंकवाचा ओलावा पाझरून आला होता. जणू बाबांनी कोयरीत अंगठा बुडवला आणि मग कागदावर टेकवला. कुंकू तिनंच लावलं होतं, खंडेनवमीला, पाण्यात बोट भिजवून, कागदाच्या मागच्या कोऱ्या अंगाला. आणि आज हाच कागद, नक्कल नव्हे तर असल, भंडाऱ्याच्या कोर्टात साहेबांच्या टेबलावर ठेवायचा होता. बाहेर गल्लीत कुणीतरी पितळेच्या पाण्याच्या गुंडावर हातोडी मारत होतं. एरवी तो आवाज तिच्या कानावर पडतही नसे. आज एकेक ठोका मोजून डोक्यात पडत होता. ओल्या फडक्यानं पुसावं का, असं तिच्या मनात आलं. पुसता पुसता बाबाच पुसले गेले तर, असं लगेच वाटलं आणि तिनं हात मांडीखाली दाबून धरला.

"काय झालं?" श्यामराव दारातून म्हणाले. नवऱ्याला तिच्या पाठीवरूनही कळायचं.

"काई नाई."

"काई नाई म्हणतेस अन् बसून राहिलीस. रिक्षावाला खाली घंटी वाजवून राहिला."

"तुमी येता का संगं?"

"मी नाई येत. मले पाहून तुया भाऊ अजून बिघडन," असं म्हणून श्यामराव पितळेच्या दुकानाची किल्ली शोधायला निघून गेले. किल्ली त्यांच्याच कमरेला होती. त्यांनाही आज काही सुचत नव्हतं हे तिला कळलं, आणि त्या तशा सकाळीही तिला थोडं बरं वाटलं.

कागद तसा साधाच. माहेरी, आसगावच्या शाळेतल्या गुरुजींनी बासष्ट साली एका तावावर लिहिलेला. धनीरामनं, म्हणजे पुष्पाबाईच्या बाबांनी, तलावाखालची बांधी, बांधानं अडवलेला धानाचा तुकडा, मुलीला दिली, बाकीचं धानाचं सगळं शेत मुलाला दिलं, आणि दोन्ही लेकरांना ते कबूल आहे, एवढंच त्यात होतं. खाली बाबांचा अंगठा, धाकट्या भावाची, इश्वरची, सही आणि तिची स्वतःची सही. तिच्या सहीतला 'पु' इतका मोठा झाला होता की पुढच्या अक्षरांना जागा उरली नव्हती आणि ती एकमेकांच्या अंगावर चढून बसली होती. त्या दिवशी इश्वर तिला त्यावरून किती हसला होता. दोन पंच होते, तेही गेले. गुरुजी गेले. बाबा गेले. कागदाची नोंद कुठल्या कचेरीत नाही, नक्कल कुठल्या कपाटात नाही. भोजराज वकिलांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की बाई, हा एक कागद म्हणजे तुमचं सगळं, याला डोळ्यांत तेल घालून जपा. तिनं जपला होता. लोखंडी पेटीत, डांबराच्या गोळ्या टाकून, सुती फडक्यात गुंडाळून. तिला वाटायचं की कागदाला काय लागतं, कोरडं ठेवलं आणि वर्षातून एकदा त्याची आठवण ठेवली की झालं. आता ती आठवणच त्याच्या अंगावर उमटली होती.

रिक्षा गांधी चौकातून निघाली तेव्हा मार्गशीर्षातलं ऊन नुकतं अंगाला लागायला लागलं होतं. बाजूनं नव्या तांदळाच्या पोत्यांची बैलगाडी गेली आणि तो वास आला, कोंड्याचा, थोडा गोड, थोडा नाकात खाज आणणारा. या वासाबरोबर दरवर्षी बांधीचं धान घेऊन इश्वर यायचा. बाबा गेल्यावर त्यानंच तर हा कागद तिच्याकडे आणून दिला होता. आसगावच्या घराच्या भिंतीला उदई, म्हणजे वाळवी, लागली होती. तिनं देव्हाऱ्याची फळी खाल्ली, पंचांग खाल्लं, आणि इश्वर घाबरून कागद धोतरात खोचून यष्टीनं भंडाऱ्याला आला. "बाई, तुयाकडे पक्की भिंत आहे. इथंच राहू दे," म्हणाला होता. आपला वाटा ज्याच्यात लिहिलेला आहे तो कागद त्यानं स्वतः होऊन बहिणीच्या घरी ठेवला, आणि मग खंडेनवमीलाही दरवर्षी येत राहिला. दुकानातली तागडी, श्यामरावांच्या हातोड्या, कैच्या आणि मधोमध हा कागद, अशी पूजा मांडली जायची. इश्वर कागद दोन्ही हातांनी उभा धरायचा आणि पुष्पाबाई मागच्या बाजूला हळद-कुंकू लावायची. ओलं वाळेपर्यंत तो तसाच धरून उभा राहायचा, आणि हात भरून आले की म्हणायचा, "झालं का व बाई? शेताले पानी देतेस का?" मग सगळे जेवायला बसायचे.

मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात सगळं बिनसलं. इश्वरच्या पोरीचं लग्न होतं. मांडवात जावयांना दुपट्टा-टोपी देताना पुकारा करणाऱ्यानं श्यामरावांच्या आधी भलत्याच कुणाचं नाव घेतलं. चूक एवढीच. श्यामराव उठले, धोतर झटकलं आणि न जेवता यष्टीत जाऊन बसले. आणि यष्टी सुटायला तर बराच वेळ होता. सबंध गावानं त्यांना खिडकीत तोंड फुगवून बसलेलं पाहिलं. पुष्पाबाई भावाला बोलली, भावजय रुखमा पुष्पाबाईला बोलली, आणि इश्वर, ज्याला भांडताच येत नाही, तो एकदम म्हणाला, "जा, तुई बांधीच नाई तिथं." न भांडणारा माणूस भांडला की त्याला परत फिरायची वाट सापडत नाही. त्या सालचं बांधीचं धान आलं नाही. मग वकील आला, तिच्याकडून नोटीस गेली, दावा लागला, आणि दाव्याच्या उत्तरात टायपाच्या अक्षरांत लिहून आलं की असा कागद कधी झालाच नाही आणि सदर सही प्रतिवादीची नाही. 'प्रतिवादी' म्हणजे इश्वर हे तिला दोनदा विचारावं लागलं. पहिल्या खंडेनवमीला तिनं रागानं कागद पेटीतून काढलाच नाही. यंदा मात्र राहवलं नाही. एकटीनं पूजा केली, एका हातानं कागद धरला, दुसऱ्यानं कुंकू लावलं. इतक्यात दुकानातून कुणीतरी हाक मारली आणि तिनं ओला कागद घडी करून पेटीत टाकला.

कोर्टाच्या आवारात चिंचेखाली टंकलेखकांची टेबलं खडखडत होती. भोजराज वकिलांनी कागद उलगडला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"बाई, हे काय?"

"कुंकू आहे."

"कुंकू आहे ते दिसते मले. पण अंगठ्यावर कुठून आलं? कागदाची कोणी पूजा करते का?"

"तुमी दसऱ्याले तुमच्या पुस्तकाची नाई करत का?"

"करतो," वकील म्हणाले. "पण पुस्तकं कोणी पुराव्यात मागत नाही." मग त्यांना हसू आलं आणि हसू आल्याचा राग आला. "समोरचा वकील म्हणन, ठसा बनावट आहे, तो लपवाले रंग लावला. आता मी काय सांगू साहेबाले, खंडेनवमी होती म्हणून?" त्यांनी कागद एका खाकी लिफाफ्यात घातला, लिफाफ्याचं तोंड दुमडलं आणि वर दोन जाड पुस्तकं ठेवली.

व्हरांड्यातल्या बाकावर ती बसून राहिली. बांधी गेली तर गेली, असं तिनं रिक्षातच मनाशी ठरवून टाकलं होतं. खरंच ठरवलं होतं. घरी खायला कमी नव्हतं, आणि त्या बांधीचं धान ती अर्धंअधिक शेजारपाजारीच वाटत असे. पण आज इश्वर पिंजऱ्यात उभा राहणार होता. खरं सांगीन म्हणून शपथ घेणार होता, आणि मग त्याच्या हातात बाबांचा अंगठा दिला जाणार होता, आणि त्यानं म्हणायचं होतं की हा मी कधी पाहिला नाही. ते त्यानं म्हटलं की संपलं. मग निकाल काहीही लागो, बांधी मिळो की न मिळो, पाठचा भाऊ गेला. कागदावरचं खोटं तिला सोसलं होतं, कारण ते टायपाचं होतं, कुणाचंच नव्हतं. इश्वरच्या तोंडून, त्याच्या त्या किंचित चिरक्या आवाजात, तिला ते ऐकवलं नसतं. उठून घरी जावं, वकिलाला म्हणावं की सोडून द्या, असं तिला वाटलं. पुकारा झाला की बघू, असं म्हणत ती तिथंच बसून राहिली.

इश्वर आसगावहून पवनीच्या यष्टीनं आला. तिच्याकडे न बघता समोरून गेला. त्याच्या केसांत तणसाची काडी अडकली होती. धानाची चुरणी-मळणी चालू असताना तसाच उठून आला असणार. चांगला आरशात बघून निघायचा माणूस, पण रुखमाला सकाळच्या गडबडीत दिसलं नसेल. पुष्पाबाईचा हात आपोआप उचलला गेला आणि मग तिला तो खाली कुठं ठेवावा ते कळेना. तिनं पदर सारखा केला. पदर सारखाच होता.

पुकारा झाला. आत गेल्यावर खोली तिला नेहमीपेक्षा लहान वाटली. साहेब एका हातानं कान खाजवत काहीतरी वाचत होते. इश्वरनं शपथ घेतली. त्याचा आवाज खरंच चिरकला. भोजराज वकिलांनी आधी शेत विचारलं, तलाव विचारला, वडील कधी वारले ते विचारलं. इश्वर खाली बघून उत्तरं देत होता. शाळेतही तो असाच द्यायचा, बरोबर असलं तरी चुकल्यासारखं.

"वडिलांनी बासष्ट साली वाटणीचा कागद केला, हे खरं आहे का?"

इश्वरनं कठड्यावरची धूळ बोटानं पुसली. मग म्हणाला, "मले आठवत नाई."

पुष्पाबाईनं डोळे मिटले. नाही असं म्हणाला नव्हता, पण नाहीच्या उंबऱ्यावर येऊन उभा होता.

"तो कागद तुम्हाला दाखवतो. हातात घ्या आणि सांगा," असं म्हणून वकिलांनी लिफाफा साहेबांच्या कारकुनाकडे, रीडरकडे दिला, आणि रीडर खुर्ची मागे सारून उठला. तेवढ्यात पिंजऱ्यातून सरक-सरक असा आवाज आला. पुष्पाबाईनं डोळे उघडले. इश्वरनं चपला काढल्या होत्या. पायानंच त्या मागे सारून, कठड्याला टेकवून, तो अनवाणी उभा होता आणि दोन्ही हात पुढे केले होते, तळवे वर. लिफाफा अजून बंदच होता. रीडर अजून टेबलाच्या पलीकडेच होता.

तिला रडू येतंय असं आधी वाटलं, पण ते हसू होतं. बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मालगुजाराच्या, गावच्या जमीनदाराच्या, कचेरीत त्यांचं आयुष्य पायरीखाली चपला काढण्यात गेलं होतं. आत कागद, बाहेर चपला, आणि मधल्या जागेत उन्हात उभे ते. स्वतःच्या नावाचा हा पहिला कागद झाला त्या संध्याकाळी ते ओसरीत बसले आणि म्हणाले होते, "आता आपल्या घरी कचेरी झाली. ह्या कागदाले हात लावाचा तं चप्पल काढून लावाचा. पाहुणा असो का पाटील असो." मग दोघां लेकरांकडून, चांगली लग्नं झालेल्या लेकरांकडून, चारचारदा करवून घेतलं. चप्पल काढ, हात पुढे कर, घे. माय चुलीपाशी हसत होती. पुढं कित्येक वर्षं हे इतकं अंगवळणी पडलं की पुष्पाबाईला ते कधी आठवलंही नव्हतं. आज सकाळीसुद्धा पेटी उघडण्याआधी ती सपाता बाजूला काढूनच बसली असणार, कारण थंड फरशीचा स्पर्श आत्ता तिच्या तळव्यांना आठवला.

साहेबांनी कान खाजवणं थांबवलं. "चपला का काढल्या?"

इश्वरनं आपल्या पायांकडे पाहिलं. त्यालाही ते पाय पहिल्यांदाच दिसत होते असं वाटलं. त्याचा वकील अर्धा उठला आणि अर्धाच राहिला.

"साहेब," इश्वर म्हणाला, "बाबानं सांगतलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"हा कागद चप्पल घालून हातात घ्याचा नाई म्हणून."

मागं कुणीतरी खुदकन हसलं. साहेबांनी तिकडे पाहिलं नाही. त्यांच्याही मिशीखाली काहीतरी हललं होतं. "म्हणजे कागद होता," ते हळू म्हणाले.

इश्वरचे पाय एकमेकांवर चढत होते, उतरत होते. चपला घालून जे रेटून नेता आलं असतं ते अनवाणी उभं राहून त्याला जमेना, एवढं पुष्पाबाईला दिसत होतं. तिला त्याची इतकी दया आली की तिनं मनातल्या मनात त्यालाच धीर दिला. बोल रे, काही होत नाही.

"होता साहेब," इश्वर म्हणाला. "सही माईच आहे. रागाच्या भरात नाई म्हणून लिहून देल्लं."

रीडरनं कागद त्याच्या तळव्यांवर ठेवला. इश्वरनं तो कपाळाला लावला, मग उघडला आणि एकदम त्याचा चेहरा बदलला. कोर्ट, साहेब, वकील सगळं विसरून तो सरळ बाकांकडे वळला आणि वैतागून म्हणाला, "बाई, हे काय करून ठेवलं? बाबाचा अंगठा लाल केला. वाळू नाई देला का?"

"धराले कोन होतं?" पुष्पाबाई म्हणाली.

ती कोर्टात बोलली होती, न विचारता, बसल्या जागेवरून, आणि तिला ते बोलून झाल्यावर कळलं. कुणी तिला रागावलं नाही. इश्वरनं कागदावर मान खाली घातली आणि ती तशीच ठेवली. साहेबांनी चष्मा काढून पुसला, जरा जास्तच वेळ पुसला, आणि म्हणाले की डागाचा खुलासा झाला आहे असं लिहून घ्या, आणि दोन्ही वकिलांनी पक्षकारांना बाहेर नेऊन तडजोडीचं काय ते बघावं.

बाहेर उन्हात सगळंच लख्ख दिसत होतं. चिंचेची पानं, टंकलेखकाच्या बशीतला अर्धा चहा, पायरीवर पाय पसरून झोपलेलं कुत्रं. भोजराज वकील आणि समोरचे वकील एकाच टेबलावर तडजोड लिहून घेत होते आणि मधूनच हसत होते. पुष्पाबाई आणि इश्वर बाकाच्या दोन टोकांना बसले होते. मग तिनं हात लांब करून त्याच्या केसांतली काडी काढली. त्यानं मान जरा पुढे केली, एवढंच.

रीडर व्हरांड्यात आला. कागदावर आता कोर्टाचा शिक्का पडला होता आणि तो लाल बस्त्यात बांधला जाणार होता. "असल कागद इथंच राहील," तो म्हणाला. "तडजोड पुढच्या तारखेला मंजूर होईल. मग अर्ज करा आणि दोघं मिळून येऊन घेऊन जा. एकट्याच्या सहीवर देत नाही."

"तवरोक उदई तं नाई लागन?" इश्वरनं विचारलं.

"आमच्या कपाटात गोळ्या टाकलेल्या असतात."

"अन् चप्पल?"

रीडर जरा घुटमळला. "ते काही सांगत नाही मी," असं म्हणून आत गेला.

पुष्पाबाईला हसू आवरेना. वर्षभर तिनं तारखेची धास्ती घेतली होती. तारीख पडली की त्या आठवड्यात तिला अन्न गोड लागायचं नाही. आणि आता कागद न्यायला दोघं लागतील, दोघांना एकत्र यावं लागेल, सरकारनंच तसं सांगितलंय, या एका गोष्टीनं तिला पोरीसारखं उड्या मारावंसं वाटत होतं. भोजराज वकिलांनी संक्रांतीनंतरची तारीख सांगितली. तिनं मनाशी हिशेब केला आणि ती तिला फार लांबची वाटली.

"येजो मंग तारखेले," ती म्हणाली. "पवनीची पयली यष्टी पकड. मी डबा आणीन."

इश्वर उठला, धोतराचा सोगा नीट केला. "तारीख त्यायची आहे," तो म्हणाला. "आपली कायची तारीख? भाऊजी दुकानात असतीन ना आत्ता?"

"असतीन. काहून?"

तो फाटकातून बाहेर पडला आणि स्टँडाकडे वळायचं सोडून पितळेच्या गल्लीकडे चालू लागला. तो नेहमीच भरभर चालायचा. पुष्पाबाईला पदर खोचून त्याच्या मागं पळावं लागलं.